आयुधपूजेतला प्लगपाना

आज आयुधपूजा. देवीपुढे विळी-कोयता मांडताना यांची फार आठवण आली, म्हणून वही घेऊन बसले.

हे राणीबेन्नूरला मोटारसायकली दुरुस्त करायचे. सगळं गाव यांना मेस्त्रीच म्हणायचं. गाडी आली की आधी प्लगपान्यानं प्लग काढून उजेडात धरायचे. टोक काजळलेलं निघालं की गिऱ्हाइकाला म्हणायचे, "अण्णा, हा प्लग की चुलीतलं लाकूड?" कॉफीच्या रंगाचं निघालं की स्वारी खूश. मग पेट्रोलमध्ये बुडवून ब्रशनं घासायचं, करवतीच्या पात्याचा तुकडा घालून फट बघायची. सदऱ्याचा तो पेट्रोलचा वास अजून नाकात आहे.

एका वर्षी पूजेला यांनी स्वतःच्या गाडीचा प्लग काढून लख्ख केला. सासूबाईंनी त्यालाही गंध लावलं, नेमकं फटीत. देवाचं गंध पुसायचं नाही, म्हणून यांनी प्लग तसाच बसवला. "आज कुठं जायचंय? उद्या बघू." प्लगपान्यासकट सगळे पाने देवीपुढे गेले. दुसऱ्या दिवशी पूजा उतरेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही.

दुपारी माझा भाऊ इराप्पा सायकल दामटत आला. "अक्का, अप्पांचं काही खरं नाही. सारखं तुझं नाव घेतात."

माहेरी जाणारी बस निघून गेली होती. यांनी किक मारून पाहिली. फटीत गंध, ठिणगी पडेना; गाडी हूं की चूं करेना.

"अव्वा," हे सासूबाईंना म्हणाले, "प्लगपाना घ्यावा लागेल."

"पूजेतला? शुद्धीवर आहेस ना? दुसऱ्या कुणाचा आण."

"आज गावात कुणाचा पाना मोकळा असेल, तूच सांग."

मी पिशवी धरून उभी. देवीपुढचा दिवा मीच लावलेला.

हे देवीपुढे बसले. "आई, रागवायचं तर माझ्यावर रागव. हिला बाप एकच आहे." पाना कपाळाला लावून उचलला. "चांडाळा!" म्हणून सासूबाईंनी तोंड फिरवलं, पण प्लग पुसायला फडकं त्यांनीच पुढे केलं.

यांनी प्लग पुसून बसवला आणि पहिल्याच किकला गाडी सुरू झाली. माहेरी पोचलो तर अप्पांनी डोळे उघडले. अप्पा सुतार, त्यांचे रंधे-पटाशीही कोपऱ्यात फुलांखाली होते. यांच्या काळ्या बोटांकडे बघत म्हणाले, "आज हत्यार उचललंत, जावईबापू?"

यांनी मान खाली घातली.

अप्पांनी तोच हात छातीशी ओढला. "बरं केलंत. जेवून घ्या आता."

रात्री माझ्या हातून त्यांनी दोन घास पायस खाल्लं. सकाळी देवीची पूजा उतरली आणि अप्पा गेले. मी उशाशी होते.