रस्सा नसलेली कोंबडी

आमच्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांत कोंबडी म्हणजे रस्सा. अर्धा किलो आणायची, कांदा-खोबऱ्याचं वाटण सढळ हाताने घालायचं आणि टोप काठोकाठ भरायचा. सासूबाई, हे, दोन मुलं आणि मी. रविवारी पोटभर जेवून सोमवारच्या भाकरीलाही पुरायचा. तुकडे मात्र मोजकेच. ते वाढून झाले की माझ्या ताटात रस्सा, फार तर मानेचं हाड. त्याबद्दल कुणी विचारलं नाही आणि मीही कधी बोलले नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. एका रविवारी हे ठाण्याला गेलेले, येताना चक्क तयार तंदुरी कोंबडी घेऊन आले. कागदाला तेल सुटलेलं, घरभर वास.

"आज वाटण-बिटण काही नाही. तुला सुट्टी!"

मी आधी किंमत विचारली आणि ऐकून माझा पाराच चढला.

"अहो, एवढ्यात दोन दिवसांचा रस्सा झाला असता! चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला!"

सासूबाईंनीही मान डोलावली. हिशेब माझा बरोबरच होता, आजही मी तो चूक म्हणणार नाही.

वाढायला घेतलं. तंगड्या मुलांना, मऊ भाग सासूबाईंना, उरलेलं यांना. माझ्या ताटात कांदा आणि लिंबू. यांनी आपल्या पानातला तुकडा उचलून पुढे केला. "अगं, घे की."

तोंडाला पाणी सुटलेलं, पण राग नाकावर. म्हटलं, "मला नको. मला रस्साच आवडतो."

त्या भल्या माणसाने ते खरं मानलं. तयार कोंबडी पुन्हा घरात आली नाही, आणि दर रविवारी ते माझ्या वाटीत आठवणीने दोन पळ्या रस्सा जास्त घालू लागले. तेव्हा हात पुढे केला असता तर काय बिघडलं असतं, ही रुखरुख अजून जात नाही.

नव्वदचं दशक सरता सरता मुलगा कमावता झाला. तोवर हे राहिले नव्हते. तयार कोंबडी आता आमच्या नाक्यावरच मिळायची. एकदा तो घेऊन आला, सोबत गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी. आत गरम रस्सा, वेगळे पैसे मोजून घेतलेला.

"हा खास तुझ्यासाठी. बाबा सांगायचे ना, आईला रस्साच लागतो."

समोर दोन्ही तंगड्या होत्या. मी पिशवीची गाठ सोडली आणि रस्सा भातावर ओतून घेतला.