उरलेले सात कुणाचे?

"तुमचा कटऑफ तर खालीच लागतो. मग कॉपी कशाला करायची?"

सर हसत म्हणाले. हातात माझी उत्तरपत्रिका. लातूरचा स्पर्धा परीक्षेचा क्लास, शंभर पोरंपोरी, सगळे हसले. मीपण हसले थोडं. त्याची लाज अजून वाटते मला.

सगळ्या बॅचची मिळून तर्कक्षमतेची सराव परीक्षा होती. वर एक विधान, खाली अनुमानं. कोणतं निघतं, कोणतं निघत नाही, ते सांगायचं. सरांनीच पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिलं होतं, जे विधानात नाही ते मनानं घालू नका. मला ते लई आवडलं होतं. आमच्या निलंग्याकडच्या गावात आडनाव ऐकलं की लोक बाकीचं सगळं मनानंच घालतात. बौद्धवाड्यातली का, मग झालं. इथं म्हणलं बरं हाय, लिहिलंय तेवढंच बघायचं. त्या धड्यावर जीव लावला मी. 'सर्व', 'काही', 'फक्त', दिसला शब्द की खाली पेन्सिलीनं रेघ, मगच उत्तर. पंचवीसपैकी पंचवीस आले. पूर्ण क्लासात मला एकटीला.

शेजारी डॉक्टरांची मुलगी बसायची. तिला अठरा.

मी उभी राहिले. म्हणलं, "सर, तिचे अठरा बरोबर, माझे पंचवीस. मग उरलेले सात मी कुणाचे बघितले?"

सर लालबुंद.

"मला तर्क शिकवतेस? उद्या बापाला घेऊन ये. माफी लिहून दे, नाहीतर पहिल्या बॅचमधून बाहेर."

पहिली बॅच म्हणजे निवडलेले चाळीस. सर स्वतः तेवढ्यांनाच शिकवायचे. अभ्यासिकेत जागाही त्यांनाच. ती मिळवायला मी दोन वर्षं घासली होती.

आबा सकाळच्या एसटीनं आले. गवंडीकाम करतात. त्या दिवशी स्लॅब टाकायचा होता, तो सोडून आले. धुतलेला शर्ट, नखांत सिमेंट. जिन्यातच मी सगळं सांगितलं. रेघा मारलेली प्रश्नपत्रिका दाखवली. त्यांनी ती उलटीपालटी करून बघितली.

"माय, तू केली न्हाईस, मला म्हाईत हाय."

मला वाटलं, आता आबा बोलतील.

आत गेलो. दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. सर बसा म्हणले नाहीत. आबांनी हात जोडले.

"लेकराची चुकी झाली सर. एवढी पदरात घ्या."

काळीज फाटलं हो माझं. शंभर जण हसले तेव्हा एवढं लागलं नव्हतं. ज्या माणसाला म्हाईत होतं मी चोर नाही, त्यानंच मला चोर म्हणलं. तेही माझ्याच भल्यासाठी.

माफीनामा टाईप करून तयारच ठेवला होता. 'मी कॉपी केली हे मला मान्य आहे.' खाली दोन सह्यांच्या जागा. आबांनी सही केली, एकेक अक्षर जोडत, वेळ लावून. मग पेन माझ्याकडं.

"कर माय. वरीस वाया जाईल."

मी पेन घेतला अन् आबांची सही खोडली. खाली लिहिलं. विधान: हिला पंचवीस आले. अनुमान: हिनं कॉपी केली. उत्तर: अनुमान निघत नाही. त्याखाली माझं पूर्ण नाव, आडनावासकट.

परतीच्या एसटीत आबा खिडकीकडं तोंड करून बसले. निलंगा आलं तेव्हा एवढंच म्हणले, "माझी सही खोडलीस." मी रडले. तेव्हापासून आम्ही बापलेक कामापुरतंच बोलतो.

पहिली बॅच गेली, मग क्लासही सुटला. घरीच प्रश्न सोडवते, तशाच रेघा मारून. पास होईन, नाही होईन, कुणी सांगावं. आबा माझ्यासाठी अजून कुणापुढंही हात जोडतील, मला म्हाईत हाय. न केलेली चुकी कबूल करून सही पण करतील.

मी पुन्हा खोडीन.