बोटाखालचा आवाज

“म्हणजे एक्स-रे खोटा आणि तुमचं बोट खरं, असंच ना बाबा?” लेकीने फिल्म खिडकीच्या काचेला लावून धरली. छातीची उजवी बाजू खालून अर्धी पांढरीफटक दिसत होती. “आईच्या छातीत एवढं पाणी झालंय आणि तुम्ही तीन आठवडे तिला खोकल्याचं औषध पाजताय.”

“फिल्म बदलली असेल,” डॉक्टर म्हणाले. “परवाच वाजवून पाहिलं मी. छाती साफ आहे.”

“खाली नाव वाचा.”

“भांडा,” उशांना टेकून बसलेली आई थांबत थांबत म्हणाली. “मला तेवढीच करमणूक.”

चाळीस वर्षं डॉक्टरांची सगळी भिस्त बोटांवर होती. डाव्या हाताचं मधलं बोट छातीवर सपाट दाबायचं, उजव्या बोटाने त्यावर मनगटातून हलका ठोका द्यायचा. हवा असेल तिथे पोकळ आवाज, पाणी असेल तिथे दगडासारखा बद्द. डॉक्टर दार वाजवतात आणि दुखणं आतून ओ देतं, असं पेशंट म्हणायचे.

“आता वाजवा. माझ्यासमोर,” लेक म्हणाली.

ते बायकोच्या पाठीशी बसले. खांद्यापासून बोट खाली उतरत गेलं. पोकळ. पोकळ. अगदी खालीही पोकळ. त्यांनी लेकीकडे विजयाने पाहिलं, पण तिच्या हातातल्या फिल्मवर नजर गेली आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. शर्टाची बटणं सोडून ते स्वतःच्याच छातीवर ठोके देऊ लागले. उजवीकडे फुप्फुस संपून यकृत लागतं, तिथे धडधाकट माणसाच्या छातीवरही ठोका बद्द वाजतो. वाजायलाच हवा. तो बद्द वाजला नाही. त्यांनी पुन्हा वाजवलं, मग आणखी एकदा, जोरात.

हात सवयीने ठोके देत होता आणि कान ठोका न ऐकताच जुनंच उत्तर वाचून दाखवत होता.

“वर्षभर मी घसा ताणून बोलतेय,” बायको म्हणाली. “तुम्हाला वाटलं, चिडलेय.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगून कान परत आले असते?”

लेकीने फिल्म खाली घेतली. डॉक्टर उगाच बोटं चोळत राहिले. मग त्यांनी बटणं लावली, एक चुकीच्या काजात.

“हिला आजच दाखल करायचं,” ते म्हणाले. “दवाखाना उद्यापासून बंद. आणि वर्षभरात छाती साफ आहे म्हणून ज्यांना घरी पाठवलं, त्या प्रत्येकाला एक्स-रे काढायला सांगायचं. का काढायचा, तेही मीच सांगणार.”