धाकट्याची तीनचाकी

वळणावर खडी सांडली होती आणि थोरल्याला ट्रकच्या पुढे मोटरसायकल काढायची होती. मागे बसलेला धाकटा "दादा, हळू" म्हणाला, तेवढंच. थोरल्याच्या कोपराला नुसतं खरचटलं. धाकट्याचे दोन्ही पाय कायमचे गेले.

धाकटा पाट्या रंगवायचा. शिडीवर चढून दुकानांची नावं काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. आता तो दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत खिडकीशी बसून राही. दवाखाना असो की केस कापणं, थोरला त्याला पाठुंगळी घेऊन दोन जिने उतरे, दोन जिने चढे. "भावाचं कसलं आलंय ओझं?" असं शेजाऱ्यांना सांगे. अपघाताबद्दल मात्र दोघांत कधी अवाक्षर निघालं नाही. विषय त्या बाजूला वळू लागला की आई उठून भांडी घासायला जाई, घासलेली असली तरी.

तिसऱ्या वर्षी थोरल्याने तीनचाकी करायला घेतली. तो वेल्डर; लोखंड त्याचं ऐकायचं. मालवाहू गाडीचा मागचा आस भंगारातून आणला, चौकट स्वतः जोडली, ब्रेक-क्लच हाताशी आणले आणि सीट इतकी खाली बसवली, की व्हीलचेअरवरून धाकट्याला स्वतःचं स्वतः सरकता यावं. सगळं जमलं. इंजिन तेवढं त्या जुन्याच मोटरसायकलचं घातलं. चांगलं चालतं इंजिन कोण टाकून देतो?

धाकट्याने बटण दाबलं. इंजिन दोनदा ठसकलं आणि सुरू झालं. त्याने लगेच ते बंद केलं.

"हे इंजिन कुठलं?"

"भंगारातलं."

"दादा, चार वर्षं तुझ्या मागे बसून ऐकलाय मी हा आवाज."

थोरला फडक्याने चौकट पुसू लागला.

"वर ने मला," धाकटा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी थोरल्याने इंजिन उतरवलं. गाडी आता विजेवर चालवायची ठरवली, पण विजेतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. जळालेल्या मोटरींची तार नव्याने भरून देणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेला तेव्हा तो हसला. "वेल्डरच्या हाती वायर म्हणजे माकडाच्या हाती कोलीत!" पण म्हाताऱ्याने शिकवलं. सीटखाली चार बॅटऱ्या आल्या, आसाशेजारी मोटर बसली, मागे जायला नुसती एक कळ. पहिल्या प्रयत्नात कंट्रोलर जळाला, दुसऱ्यात थोरल्याची बोटं भाजली. पाच महिने गेले.

या खेपेला गाडी आवाज न करता निघाली. धाकटा गल्लीच्या टोकाला जाऊन वळला, परत आला, पुन्हा गेला. तिसऱ्या फेरीत तो मोठ्याने हसला आणि खिडकीतून बघणाऱ्या आईने तोंडावर हात धरला.

दोन महिन्यांनी त्याने सांगितलं, गावाच्या दुसऱ्या टोकाला नंबरप्लेटा रंगवायचं दुकान मिळतंय. मागे खोली आहे, तळमजल्यावर. तिथेच राहणार.

"इथून जा-ये कर की," थोरला म्हणाला. "मी आहे ना उतरवायला."

"तेच नको आहे."

"माझं काही चुकलं?"

धाकट्याने व्हीलचेअर त्याच्याकडे वळवली. मग म्हणाला, "पाठीवर घेतोस तेव्हा तू माफी मागतोयस असं वाटतं, दादा. उतरताना एकदा, चढताना एकदा. मी किती वेळा माफ करायचं? आणि मी केलंय की नाही, हे मला तरी कुठं कळलंय?"

सामानाचे तीन खोके थोरल्यानेच गाडीच्या मागे बांधले, गाठी दोनदा तपासल्या.

सुरुवातीला तो दर रविवारी बॅटऱ्यांत पाणी घालायला जाई. मग धाकटा ते स्वतःच करायला शिकला. "कशाला हेलपाटा घालतोस?" असं तो फोनवर म्हणाला, अगदी मायेने.

तरी एका रविवारी थोरला गेला. रस्त्यापलीकडे थांबला. धाकटा मान वाकवून कुणाच्या तरी पाटीवर आकडे काढत होता, गुणगुणत होता. थोरला थोडा वेळ तिथंच उभा राहिला आणि माघारी फिरला.

"भेटला का रे?" जेवताना आईने विचारलं.

"दुकानात गिऱ्हाईक होतं," तो म्हणाला आणि भाताचा घास उचलला.