रिपुस्थानी मंगळ

माझ्या पत्रिकेत सहाव्या घरात मंगळ आहे, हे मला दहावीच्या निकालाआधी कळलं. वडिलांनी शहाद्याच्या एका निवृत्त गुरुजींना पत्रिका दाखवली होती. गुरुजी म्हणाले, सहावं घर शत्रूचं आणि रोगाचं, तिथं मंगळ बसला की हिच्याशी वैर धरणारा टिकत नाही. वडील खूश. मी तर काय, हवेतच! पुढे ॲग्रीची पदवी घेतली, पण तो मंगळ काही डोक्यातून उतरला नाही.

वडील गेल्यावर पपईचं शेत मी बघायला लागले. शेजारच्या केळीवाल्याशी आमचं नऊ वर्षांचं भांडण, बांधावरून. दर वर्षी त्याचा ट्रॅक्टर वीतभर आमच्यात सरकायचा. गेल्या हिवाळ्यात मी मजुरांच्या देखत त्याला सुनावलं, "मन्हा सहावा घरमा मंगळ शे! मन्हा वैरी टिकत नहीं, ध्यानमा ठेव!" तो मान खाली घालून केळीत निघून गेला. मला वाटलं, बरी जिरली.

चौथ्या दिवशी तो केळीतच छाती धरून खाली बसला. शहाद्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन दिवसांत सुरतला न्या, छाती उघडावी लागेल, भरवसा देता येत नाही.

माझी पाचावर धारण बसली. हसू नका. माती तपासून खताचा डोस सांगणारी बाई मी, पण घास गिळवेना. माझ्याच तोंडाने मी मंगळ त्याच्यावर सोडला, एवढंच डोक्यात. तडक गुरुजींकडे गेले. म्हटलं, शांती करा, काहीही करा, पण माणूस वाचला पाहिजे.

गुरुजी आधी हसले. "मंगळ काय तुझा सालदार आहे, सांगितलं की कामाला जायला?" मग पत्रिकेवर बोट ठेवून म्हणाले, "ग्रह मला हलवता येत नाही. पण हे घर नुसतं शत्रूचं नाही, पोरी. मामाही इथूनच बघतात."

मी बघतच राहिले. एवढ्याशा त्रिकोणात वैरी आणि मामा, एकाच जागी! ज्याने कुणी हे मांडलं, त्याने माणूस किती आतून पाहिला असेल? अंगावर सर्रकन काटा आला. इतकी वर्षं मी त्या घराचं अर्धंच ऐकून मिरवत होते.

आईला सख्खा भाऊ नाही, चुलतही नाही. घरी येऊन तिला सगळं सांगितलं. वाटलं होतं, आता माझी खरडपट्टी निघणार. तिने देवघरातला लाल दोरा उचलला आणि चपला घातल्या.

नऊ वर्षांत तिने केळीवाल्याच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. तो ओसरीत खाटेवर पडलेला, सुरतची गाडी दारात उभी. आई म्हणाली, "हात दे. आते तू मन्हा भाऊ शे." त्याने तोंड फिरवलं. आई दोरा धरून तशीच उभी. त्याची बायको रडायला लागली. शेवटी त्याने मनगट पुढे केलं. आईने दोरा गुंडाळला आणि गाठ मला मारायला लावली.

ऑपरेशन झालं. माणूस वाचला. मंगळाने वाचवला की डॉक्टरांनी, ते मी आता कुणाला विचारत नाही.

दीड महिन्याने मी पपईत ठिबकच्या नळ्या सरळ करत होते. बघते तर तो काठी टेकत बांधावरून माझ्याकडेच येतोय. आला, काठी खाली ठेवली आणि वाकायला लागला. आमच्याकडे भाची मामाच्या पाया पडत नाही, मामाच भाचीच्या पडतो. डॉक्टरांनी त्याला वाकायची मनाई केली होती. मी चिखलाचे पाय मागे ओढले.

"पाय मांगे लेऊ नको व माय," तो धापा टाकत म्हणाला, "भाची शे तू मन्ही."

माझ्या बापाच्या वयाचा माणूस. मी तिथेच, त्याच्यासमोर, मटकन खाली बसले.