परस्पर स्नेहवर्धक संघाचे शिकाऊ इस्त्रीवाले

छापखान्याच्या मालकांना गल्लीत सगळे 'अध्यक्ष' म्हणत. कशाचे अध्यक्ष, हे कोणी विचारले नव्हते, आणि विचारले असते तरी उत्तर मिळाले नसते. कारण हे बिरूद त्यांना चिकटले तेव्हा गल्लीत अध्यक्ष लागावा अशी एकही संस्था नव्हती. लोकांनीच आग्रह करून आपल्याला हा मान दिला, असे ते स्वतः सांगत. इतर कोणी तसे सांगितल्याचे आढळत नाही.

गल्लीतल्या कामगारांसाठी एकत्रित आरोग्य विमा काढण्याची कल्पना आपल्याला कामगारांच्या कळवळ्यातून सुचली, असेही ते सांगत. वस्तुस्थिती अशी, की कागदाचे रीम उचलताना त्यांच्या जांघेत हर्निया उतरला होता. शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नाही, असे डॉक्टरांनी बजावले. आणि एकट्याने विमा घ्यायला गेले, तर जिथे तिथे आधीचे दुखणे ऐकताच समोरचा माणूस पेनाला टोपण लावून मोकळा होई. अशा वेळी धाकटा मेव्हणा उगवला. तो विमा एजंट होता.

"भाऊजी, एकट्याला कोणी दारात उभं करत नाही," तो म्हणाला. "कामगारांचा गट करून गेलात, तर जुन्या दुखण्याचंसुद्धा पहिल्या दिवसापासून मिळतं. फक्त गट भरभक्कम हवा."

"माझ्याकडे आहेत कोण? एक मशिनवाला, एक बाइंडर."

"म्हणून तर म्हणतो, गल्ली गोळा करा. प्रत्येकाकडे दोघं-तिघं आहेतच. सगळे मिळून एक गट."

"आणि यात तुझं काय?"

"कमिशन," आतून अध्यक्षांची बायको म्हणाली. "त्याचं दुसरं काय असतं कधी?"

नियम असा होता, की केवळ विमा घेण्यासाठी जमलेला गट चालत नाही. त्या मंडळींना एकत्र बांधणारा काहीतरी वेगळा उद्देश असावा लागतो. गल्लीचा उद्देश शोधण्यात एक आठवडा गेला. शेवटी 'परस्पर स्नेहवर्धक व्यापारी संघ' स्थापन झाला. घड्याळजी आणि फोटो-फ्रेमवाला यांच्यात पाटीच्या लांबीवरून अबोला होता, त्यामुळे स्नेहाचा ठराव दोघांना वेगवेगळ्या वेळी वाचून दाखवावा लागला.

"स्नेहाचं पुढचं पुढे बघू," अध्यक्ष म्हणाले. "आधी सह्या करा." अशा रीतीने ते प्रथमच खरोखरचे अध्यक्ष झाले.

पण एक अडचण उरलीच. विमा कामगारांचा होता, आणि मालक हा स्वतःच्या दुकानात कामगार ठरत नव्हता. छापखान्यात जमलेली मंडळी एकमेकांची तोंडे पाहू लागली. इतक्या धावपळीनंतर लाभ फक्त कामगारांनाच होणार, ही शक्यता कोणी गृहीत धरलेली नव्हती.

मेव्हण्याने तोड काढली. "स्वतःच्या दुकानात नाही, पण दुसऱ्याच्या दुकानात तर कामगार होता येतं ना?"

मग सगळ्यांनी एकमेकांकडे नोकऱ्या धरल्या. घड्याळजी फ्रेमवाल्याकडे काचा कापायला लागले, अर्थात कागदोपत्री आणि अबोला न मोडता. मालक गटात मावल्यावर नातलगांची पाळी आली. फ्रेमवाल्याच्या सासूबाईंना गुडघ्यांमुळे जिना उतरवत नव्हता. त्या फिरत्या विक्रेत्या झाल्या. रोजगार असा उतू जात असताना हप्त्याचा बोजा वाढू लागला, तेव्हा कोणाला वगळायचे याचा विचार झाला आणि खऱ्या कामगारांवर एकमत झाले. ते दिसायला धडधाकट होते. अध्यक्षांनी आपल्या दोघांना हंगामी ठरवले. बाइंडरचे केस छापखान्यातच पांढरे झाले होते, पण हंगाम संपल्याचे त्याला अजून कोणी कळवले नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

अध्यक्षांच्या वाट्याला समोरची लाँड्री आली. तिथल्या मालकीणबाई कमी बोलत आणि कपड्यांवरचे डाग पाहावेत तशा माणसांकडे पाहत. पण आपल्या दुकानातल्या बायकांना त्यांनी गटात घेतले होते. करुणेने नव्हे, चांगल्या इस्त्रीवाल्या मिळत नाहीत म्हणून.

कंपनीचा तपासनीस अगोदर कळवून आला, हे त्याचे सौजन्य. मालकमंडळी आपापल्या नोकऱ्यांवर धावली. अध्यक्षांनी डगला उतरवला आणि इस्त्रीच्या टेबलामागे उभे राहिले. शेजारच्या टेबलावर त्यांच्याच बाइंडरची बायको काम करत होती.

"मालक, कॉलर उलट्या बाजूने आधी," ती पुटपुटली.

"मला मालक म्हणू नकोस," अध्यक्षांनी ओठ न हलवता सांगितले.

"मग काय म्हणू?"

तेवढ्यात तपासनीस आत आला. "काका, बरेच दिवस आहात वाटतं इथे?"

"लहानपणापासून," अध्यक्ष म्हणाले आणि शर्टाच्या पाठीवर इस्त्री विसरले. जळका वास दुकानभर पसरला.

"शिकाऊ आहेत," मालकीणबाईंनी शांतपणे सांगितले.

"या वयात?"

"घरची परिस्थिती."

तपासनिसाने सहानुभूतीने मान डोलावली. काचेतून पलीकडचा छापखाना आणि त्यावरची भली मोठी पाटी स्वच्छ दिसत होती, पण पाटीवरच्या नावाला चेहरा नसतो. तो गट मंजूर करून गेला, जाताना म्हणाला, "यापुढे मात्र न कळवता येईन."

या एका वाक्याने गल्लीची झोप उडाली. मालकीणबाईंनी अध्यक्षांना रोज दुपारी हजर राहायला सांगितले, आणि जळालेला शर्ट कोणाचा होता हेही सांगितले. तो अध्यक्षांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचाच होता.

जांघेतली गाठ एव्हाना संध्याकाळपर्यंत लिंबाएवढी होई आणि आत ढकलली तरी जात नसे. गाठ अडकली तर जिवावर बेतेल, असे सांगून डॉक्टरांनी लगेचची तारीख दिली; ती देताना ते लाँड्रीत जळालेल्या आपल्या शर्टाबद्दलही हळहळले. विम्याच्या कागदावर आता फक्त मालकाची सही हवी होती: हा माणूस माझ्याकडे कामाला आहे. अध्यक्ष कागद घेऊन लाँड्रीत गेले.

"सही करते," मालकीणबाई म्हणाल्या. "आधी तुमच्या दोघा कामगारांना गटात घ्या."

"त्यांचा इथे काय संबंध?"

"बाइंडरची बायको माझी सगळ्यात चांगली बाई. नवऱ्याची छाती भरून येते, खोकला थांबत नाही. दुसऱ्या लाँड्रीवाल्याने नवरा-बायको दोघांचाही विमा उतरवतो म्हणून सांगितलंय तिला. ती गेली, तर इस्त्री कोण करणार? तुम्ही?"

"बाई, आपण एका संघाचे सभासद. परस्पर स्नेह म्हणून काही—"

"तुम्ही कामगार नसून आत आहात, तो असून बाहेर आहे. मी खोटं एकाच वेळी एकच लिहिते."

अध्यक्ष तावातावाने घरी आले. बायकोने सगळे ऐकून घेतले.

"तत्त्वाचा प्रश्न आहे," ते म्हणाले.

"असेल. गाठ कुठं आहे पण? तत्त्वात की जांघेत?"

दुसऱ्या दिवशी बाइंडर आणि मशिनवाला कायम झाले. संघाच्या सभेत अध्यक्षांनी हा निर्णय जाहीर करताना 'माझी पहिल्यापासूनची भूमिका' असे शब्द वापरले, आणि इतर मालकांनाही तोच मार्ग धरण्याचे आवाहन केले. कोणी धरला नाही. मेव्हण्याने तेवढ्या टाळ्या वाजवल्या. दोन माणसे वाढली होती.

शस्त्रक्रिया सुरळीत झाली. डॉक्टर फेरीवर आले तेव्हा त्यांनी खाटेच्या पायथ्याचा कागद वाचला, पेशाच्या रकान्यात 'इस्त्रीवाला' पाहून थबकले आणि त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर बरेच काही उमटून गेले.

"तासन्‌तास उभं राहून जड इस्त्री," ते सावकाश म्हणाले. "असल्या कामात हे व्हायचंच. मालकांना सांगा, आता हलकं काम द्या म्हणावं."

अध्यक्ष उशीवरून किंचित उठले. टाके ओढले गेले. "त्यांना सांगून काय उपयोग, डॉक्टर? मालक लोकांना माणसाची किंमत कुठं असते?"

हे ते मनापासून बोलले, याबद्दल शंका घेण्यास जागा नाही. बायको तेवढी खिडकीकडे वळली आणि बराच वेळ वळलेलीच राहिली.

संध्याकाळी भेटायला मालकीणबाई आल्या. तब्येत विचारली, पिशवीतली केळी ठेवली आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "तपासनीस परवा येऊन गेला. तुम्ही रजेवर आहात म्हणून सांगितलं. पुढच्या महिन्यात परत येणारे, कधी ते सांगितलं नाही."

"पण डॉक्टर म्हणतात, उभं राहायचं नाही. वजन उचलायचं नाही."

"स्टूल ठेवलंय. बसून शर्टांना बटणं शिवा."

अध्यक्षांनी बायकोकडे पाहिले; तिने केळे सोलायला घेतले होते. मग छताकडे पाहिले. वर्षभराचा विमा होता, आणि डाव्या बाजूलाही थोडे थोडे दुखू लागले होते.

"दोन भोकांची," त्यांनी विचारले, "की चार?"