रक्त द्यायला आलेली माणसं

फुलसावंगीच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी बंजाऱ्यांचा एक तांडा आहे. तिथल्या धावजी आडे यांची मुलगी रंजिता सर्जन झाली, तीही कॅन्सरची, तेव्हा तिच्या आईला, रामीबाईला, एकच काळजी लागली. "तू लोकांची तोंडं कापतेस म्हणे," तिनं आपल्या गोर बोलीत विचारलं. "मग ती माणसं जेवतात कशी?"

रंजितानं तिला चुलीजवळ बसून सगळं समजावलं. जबड्याचा खराब भाग काढायचा, छातीचं नाहीतर पायाचं मांस आणून तिथं बसवायचं. आधी नाकातल्या नळीनं दूध, मग पातळ वरण, मग मऊ भात. रामीबाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे लेकराला भरवल्यासारखंच की."

आश्रमशाळा, नागपूरचं मेडिकल, मग मुंबईत कॅन्सरच्या शस्त्रक्रियेचं शिक्षण असा रंजिताचा प्रवास झाला. मुंबईत राहून जाता आलं असतं. पण तिथल्या ओपीडीत सकाळी नाव पुकारलं, की रांगेतून आपल्याकडच्या वऱ्हाडी बोलीतलं "हाव, मीच तो" ऐकू यायचं. उमरखेडचा कोणी, पांढरकवड्याचा कोणी. इतक्या लांबून इथवर येईपर्यंत त्यांची गाठ हाताबाहेर गेलेली असे. ही माणसं निघतात तिथंच आपण का बसू नये, असं तिला वाटलं. ती यवतमाळला आली, एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात रुजू झाली. सकाळी शस्त्रक्रिया, दुपारी विद्यार्थी, असं सुरू झालं.

तिथल्याच वॉर्डात एका आठवड्यात दोन माणसं शेजारशेजारच्या खाटांवर आली. किसनराव दारव्ह्याकडचे कापसाचे शेतकरी. मारोतराव वणीचे, कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर. दोघांनाही तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं गाठलं होतं. दोघांच्याही गालात गाठ, जवळपास सारख्याच मापाची, आणि दोघांवरही शस्त्रक्रिया रंजितानंच केली. बोलता येत नव्हतं तोवर दोघं दिवसभर पत्ते खेळायचे. मारोतराव लबाडी करायचे आणि किसनराव पट्टी बांधलेल्या तोंडानं नुसतं "अं अं" करत भांडायचे. सगळा वॉर्ड हसायचा.

किसनराव घरी गेले आणि पुढच्या हंगामात पेरणीला उभे राहिले. मारोतरावांची गाठ मात्र वर्षाच्या आत मानेत परत आली, मग फुप्फुसात. शेवटच्या भेटीत ते खुर्चीवर दम खात बसले होते. शेजारी त्यांची बायको विमलताई उभी होती.

"म्याडम," ते म्हणाले, "आमचं दोघायचं सारखंच होतं ना? मंग त्याचं बरं झालं, अन् माह्यं काहून परत आलं?"

रंजितानं खोटं सांगितलं नाही. "मले नाही माहीत, मारोतराव."

"मंग शोधा ना," ते म्हणाले. त्यात राग नव्हता. वाटेत कोणाला काम सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

ते गेले. तो प्रश्न रंजिताजवळ राहिला. शस्त्रक्रियेत आपण कुठं कमी पडलो का, हे तिनं पुन्हा पुन्हा तपासलं. तसं काही सापडलं नाही. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की उत्तर चाकूत नाही. ते त्या माणसाच्या स्वतःच्या शरीरात आहे. आपल्या रक्तात पहारा देणाऱ्या पेशी असतात. त्या परक्याला ओळखतात आणि मारतात. कॅन्सर तर आपल्यातूनच फुटलेला. त्याला काहींच्या पेशी ओळखतात, काहींच्या ओळखत नाहीत. असं का होतं, हे शिकायला ती चाळिशीच्या तोंडावर अभ्यासरजा घेऊन बंगळुरूला गेली. तिथल्या प्रयोगशाळेत तिच्या बाजूला बसणारी मुलं तिला सुरुवातीला "आंटी" म्हणायची. तिनं ते हसण्यावारी नेलं आणि त्यांच्याकडूनच शिकली.

परतल्यावर जुन्या चादरी ठेवायची एक खोली तिला मिळाली. तिथं सूक्ष्मदर्शक आला, मोठा फ्रीझर आला. जवळच्या लोहाऱ्याहून रोज स्कूटीनं येणारी निकिता ही तिची पहिली संशोधक विद्यार्थिनी. शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येकाला रंजिता विचारायची, की अभ्यासासाठी थोडं रक्त द्याल का, दर वर्षी येऊन द्याल का. बहुतेक जण हो म्हणायचे. रक्तातल्या जिवंत पेशी त्या फ्रीझरच्या कडाक्यात झोपवून ठेवायच्या. अशी काही वर्षं गेली. फ्रीझर भरत आला.

मग एका मे महिन्यात, रविवारी, वीज गेली. जनरेटर सुरूच झाला नाही. फ्रीझरची धोक्याची घंटाही वाजली नाही. सोमवारी सकाळी निकितानं दार उघडलं तर फरशीवर पाणी. आतल्या सगळ्या नळ्या कोमट झाल्या होत्या. निकिता तिथंच खाली बसली आणि रडायला लागली. रंजितानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. नागपूरचं एक खाजगी रुग्णालय कधीपासून तिला बोलावत होतं. फक्त शस्त्रक्रिया करायच्या, बाकी डोक्याला ताप नाही. आता हो म्हणून टाकावं, असं तिनं त्याच सकाळी मनाशी ठरवलं.

नेमकी त्याच दिवशी विमलताई आली होती. नवऱ्यामागं तिनं दवाखान्याची वाट सोडली नव्हती. वणीच्या ट्रकवाल्यांत कोणाच्या तोंडात पांढरा चट्टा दिसला, की ती त्याला दंडाला धरून घेऊन यायची. त्या दिवशीही तिनं गोपाल नावाच्या एका क्लीनरला आणलं होतं. रंजिताचा चेहरा पाहून ती थबकली.

"काय झालं म्याडम? कोनी गेलं का?"

"रक्त गेलं, विमलताई. सगळ्यायचं. इतक्या वर्षांचं."

विमलताईनं सगळं ऐकलं, दोन-चार प्रश्न विचारले. मग म्हणाली, "मानसं तं हायेत ना?" आणि गोपालला घेऊन तपासणीच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

पुढच्या ओपीडीच्या दिवशी रंजिता रुग्णालयात आली तर व्हरांडा भरलेला. कुठं अपघात झाला की काय, असं वाटून ती धावत गेली. माणसं शांत बसली होती. कोणाचा अर्धा जबडा नाही, कोणाच्या गळ्यावर जुना व्रण, कोणी जिभेशिवाय बोलायला शिकलेला. सगळी तिचीच. पुढं किसनराव, डोक्याला पांढरं उपरणं. विमलताईनं त्यांना फोन केला होता आणि त्यांनी सगळ्यांना. पेशंट मंडळींचा मोबाईलवर एक ग्रुप होता. एरवी त्यावर फक्त सुप्रभातची फुलं यायची.

"आमचं रक्त खराब झालं म्हनते," किसनराव म्हणाले. "नवं घ्या."

रंजिता किसनरावांसमोर खाली बसली. मग डॉक्टर म्हणून जे सांगायला हवं ते तिनं सांगितलं. यातून तुम्हाला औषध मिळणार नाही. तुमचा फायदा होईलच असं नाही. नको असेल तर आत्ता उठून जा, तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही.

मागून एक बाई बोलली. तिचे शब्द फुटत नव्हते, म्हणून तिच्या सुनेनं सांगितलं. "आत्याबाई म्हनून राह्यल्या, आमी एवढ्या उन्हाचे निस्तं परत जायाले आलो नाही."

माणसं हसली. निकितानं डोळे पुसले आणि सुया काढल्या. त्या दिवशी ओपीडी संपल्यावरही रक्त घेणं चालूच होतं. नंतरच्या आठवड्यांत आणखी येत राहिली, कोणी एसटीनं, कोणी सोयाबीनचं बियाणं न्यायला आलेल्या गाडीत बसून. नागपूरला करायचा फोन रंजितानं केलाच नाही.

सगळे गेल्यावर विमलताई मागं थांबली. पदराशी चाळा करू लागली. मग म्हणाली, "या सगळ्यायचं परत भेटलं. आमच्या मालकायचं तं कायीच नाही ना तुमच्यापाशी?"

"आहे," रंजिता म्हणाली. "चला."

शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा तुकडा मेणात बसवून ठेवतात. त्याला विजेची गरज नसते. मारोतरावांचा तुकडा तसा जपून ठेवलेला होता आणि त्याचा पातळ काप काचेवर घेतलेला होता. रंजितानं ती काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, खुर्ची खाली केली आणि विमलताईला डोळा लावायला सांगितला.

"गुलाबी दिसते ती गाठ. तिच्या काठानं बारीक जांभळे ठिपके दिसले?"

"हाव. लई हायेत. रांगच लागली जशी."

"ते मारोतरावांचे पहारेकरी. कॅन्सरशी लढणारे. ते गाठीपर्यंत आले होते, पण आत जाता नाही आलं त्यायले. किसनरावांचे आत शिरले होते. काहून तसं झालं, तेच आमी शोधून राह्यलो."

विमलताई कितीतरी वेळ डोळा लावून बसली. "म्हंजे हे लढाले आलते," ती म्हणाली.

"आलते."

"मले वाटे, मालकायनं जीवच सोडून देल्ला होता." तिनं डोळा बाजूला घेतला, पदरानं तोंड पुसलं. "बरं झालं दाखवलं, म्याडम." मग रंजिताचे दोन्ही हात तिनं आपल्या हातांत घेतले. आभार कोणी कोणाचे मानायचे, हे रंजिताला कळेना. तिनंही ते हात घट्ट धरले.

मारोतरावांच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर अजून मिळालेलं नाही, असं रंजिता स्पष्ट सांगते. थोडं मिळालं आहे. ज्यांचे पहारेकरी काठावरच अडतात, त्यांचा आजार तिच्या पाहण्यात जास्त वेळा परत आला. म्हणून अशांना आता लवकर लवकर तपासणीला बोलावतात. गोपाल त्यांतलाच. त्याच्या चट्ट्याचा कॅन्सर निघाला, शस्त्रक्रिया झाली, आणि मानेत परत उगवलेली गाठ वाटाण्याएवढी असतानाच हाती लागली आणि काढता आली. तो आता ट्रक चालवतो. रंजिताचा शोधनिबंध छापून आला, त्यात पेशंटची नावं देता येत नाहीत. त्यानं ती थोडी खट्टू झाली होती.

पण नवीन विद्यार्थी आले की पहिल्या दिवशी ती त्यांना सूक्ष्मदर्शकाकडे नेत नाही. आधी व्हरांड्यात नेते. तिथं कोणी ना कोणी बाही वर करून बसलेलं असतं. "नळी भरली की आधी आभार माना, मग लेबल लावा," ती सांगते. विद्यार्थी लाजतात, पुटपुटतात. समोरचा माणूस म्हणतो, "आभार कायले, बापा? पुढच्या वर्षी येतो अजून." आणि बाही खाली करून एसटी पकडायला निघतो.